वारुळासारखी इमारत: हरारेच्या ईस्टगेट संकुलाचे प्रकरण

झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेमध्ये, ईस्टगेट नावाचे कार्यालयांचे आणि दुकानांचे संकुल १९९६ मध्ये सुरू झाले. ‘वाळवीच्या वारुळावरून बेतलेली, एसीशिवाय थंड राहणारी आणि नव्वद टक्के वीज वाचवणारी इमारत’ अशी तिची ख्याती. या एका वाक्यात तीन दावे आहेत. एसीशिवाय थंड राहते, हे खरे. वारुळावरून बेतली, हे निम्मे खरे. नव्वद टक्क्यांचा आकडा मात्र कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय घेऊ नये असा.

तरीही निसर्गाकडून उसने घेतलेल्या रचनांमध्ये हे प्रकरण सगळ्यात शिकण्यासारखे आहे. ज्या जीवशास्त्रीय समजुतीवर ही कल्पना उभी होती ती पुढे चुकीची ठरली, आणि इमारत मात्र चालतच राहिली. असे का झाले, हे समजायला आधी थोडा हिशेब करावा लागतो.

पार्श्वभूमी

मालक ओल्ड म्युच्युअल ही वित्तसंस्था, वास्तुरचनाकार मिक पिअर्स, अभियांत्रिकी अरुप कंपनीची. नऊ मजल्यांच्या दोन लांबट इमारती एकमेकींना समांतर, मध्ये काचेच्या छताखालचा उंच चौक. सुमारे २६,००० चौरस मीटर कार्यालये, ५,६०० चौरस मीटर दुकाने आणि ४५० गाड्यांची सोय.

हरारे विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास १८ अंशांवर आहे. पुणे उत्तरेला तितक्याच अंतरावर. पण हरारेची उंची सुमारे १,४९० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जास्त. त्यामुळे तिथे ऑक्टोबरसारख्या सर्वांत उष्ण महिन्यातही दुपारचे सरासरी कमाल तापमान २९ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि रात्री ते १५ पर्यंत उतरते. दिवस-रात्रीतला हा १० ते १४ अंशांचा फरक या प्रकरणातले खरे भांडवल आहे.

अडचण

त्या काळी अशी इमारत म्हणजे काचेचा दर्शनी भाग आणि गच्चीवर एसीची यंत्रणा, हे ठरलेले होते. हरारेत ही यंत्रणा आयात करावी लागे, त्यासाठी दुर्मीळ परकीय चलन लागे, सुटे भाग पुन्हा बाहेरून यायचे, आणि वीज गेली की बंद खिडक्यांच्या आत माणसे उकडून निघायची. मालकाला हा खर्च नको होता. पण भाडेकरूंना आरामात बसता येईल अशी कार्यालये मात्र हवी होती.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. हरारेचे हवामान मुळात सुखद आहे. उकाडा इमारत स्वतःच तयार करते. दहा चौरस मीटर जागेत एक माणूस बसला की त्याच्या अंगाची ७० ते ७५ वॅट उष्णता, दिव्यांची शंभरेक वॅट आणि त्या काळच्या संगणक-मॉनिटरची १२० ते १५० वॅट, अशी बेरीज होते. म्हणजे दर चौरस मीटरला ३० वॅटच्या आसपास, दिवसभर. त्यात खिडकीतून ऊन आले तर प्रश्नच मिटला.

समोरचे पर्याय

पूर्ण एसी हा पहिला पर्याय, तो वरील कारणांमुळे बाद. उघड्या खिडक्या आणि छताचे पंखे हा दुसरा. पण शहराच्या मध्यभागी रस्त्याचा आवाज, धूर आणि धूळ आत येणार, शिवाय ऐन दुपारी बाहेरची हवाच आतल्यापेक्षा गरम. तिसरा पर्याय जुना आहे आणि आपल्याला ओळखीचाही: जाड वस्तुमानात थंडावा साठवून ठेवायचा. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर माळवद असलेल्या घरात दुपारी गार वाटते ते याच तत्त्वाने. भिंत रात्री थंड होते आणि दिवसाची उष्णता पीत राहते.

माळवदाच्या घरात मात्र प्रत्येक दहा चौरस मीटरला एक माणूस आणि एक संगणक नसतो. तिथे भिंत आपोआप, सावकाश थंड झाली तरी भागते. कार्यालयात ती उष्णता रात्रीच्या आठ-दहा तासांत जबरदस्तीने बाहेर काढावी लागते. हवा वस्तुमानाच्या आतून, बोगद्यांतून खेळवायची ही कल्पना पिअर्स यांनी वारुळातून घेतली. इमारतीच्या पोटात पोकळ्या, वर धुराडी, खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर.

निर्णय पहिला: दिवसा कमी हवा, रात्री जास्त

ईस्टगेटमध्ये रात्री खोल्यांतली हवा तासाला १० वेळा बदलली जाते आणि दिवसा फक्त २ वेळा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. माणसे दिवसा असतात, मग हवा रात्री जास्त का?

पुढचा हिशेब आमचा, ढोबळ, फक्त तत्त्व दाखवण्यासाठी. दहा चौरस मीटरची, तीन मीटर उंचीची खोली घ्या. घनफळ ३० घनमीटर. हरारेच्या उंचीवर हवा विरळ, साधारण एक किलो प्रति घनमीटर. तासाला १० वेळा हवा बदलली तर आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकामागे सुमारे ८४ वॅट उष्णता वाहून नेली जाते. दुपारी बाहेर २८ आणि आत २५ अंश असताना तोच वेग ठेवला, तर हवा उलट २५० वॅट उष्णता आत आणेल, म्हणजे दर चौरस मीटरला २५ वॅट.

आता काँक्रीटची ताकद पाहा. दर चौरस मीटरमागे दहा सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट उपयोगात आले असे धरले तर त्याचे वजन २४० किलो. ते तीन अंश तापेपर्यंत सुमारे ६३० किलोज्यूल उष्णता पिते. आठ तासांत वाटली तर दर चौरस मीटरला जेमतेम २२ वॅट. म्हणजे दिवसा दाबून हवा खेळवली, तर रात्रभर साठवलेला सगळा थंडावा नुसत्या ताज्या हवेपायी संपतो. दोनच वेळा हवा बदलली तर हाच भार ५ वॅटवर येतो आणि माणसांना श्वासापुरती ताजी हवा मिळतेच.

यातूनच एक यांत्रिक निर्णयही निघाला. पंख्याला लागणारी वीज हवेच्या प्रवाहाच्या घनाप्रमाणे वाढते. त्याच वाहिनीतून पाचपट हवा ढकलायला तत्त्वतः सव्वाशे पट वीज लागते. एकच मोठा पंखा दिवसा गळा दाबून चालवणे म्हणजे वीज वाया घालवणे. म्हणून कमी प्रवाहाचे आणि जास्त प्रवाहाचे वेगळे पंखे, अशा ३२ जोडण्या बसवल्या. ‘नैसर्गिक वायुवीजन’ असे या इमारतीबद्दल सर्रास लिहिले जाते, ते म्हणून बरोबर नाही. धुराड्यांचा ओढा मदत करतो, पण हवा हलवण्याचे काम पंखे करतात.

निर्णय दुसरा: फरशीखालचे दात

रात्री स्लॅबपेक्षा पाच अंश गार हवा तासाला १० वेळा फिरवली, तर आठ तासांत दर चौरस मीटरला साधारण ३३५ वॅट-तास उष्णता काढण्याची तिची क्षमता असते. वरच्या हिशेबात दिवसभरात साठलेली उष्णता १७५ वॅट-तास होती. म्हणजे हवेतल्या थंडाव्यापैकी निम्म्याहून जास्त भाग काँक्रीटमध्ये उतरलाच पाहिजे. सपाट, गुळगुळीत पोकळीतून हवा सरळ निघून गेली तर हे होत नाही. हवेचा पृष्ठभागालगतचा थर जागच्या जागी राहतो आणि बाकीचा प्रवाह काहीही न देता पुढे सरकतो.

म्हणून मजल्यांच्या पोकळ फरशीच्या आत आधीच ओतून तयार केलेले काँक्रीटचे दात बसवले. दातांनी पृष्ठभाग वाढतो आणि हवेचा तो सुस्त थर मोडतो. बाहेरच्या पाहुण्याला हे दात दिसत नाहीत, छायाचित्रांतही येत नाहीत. पण ईस्टगेटचे यश एका सुट्या भागावर टांगायचे झाले तर मी ते धुराड्यांवर नव्हे, या दातांवर टांगेन.

हवेची वाट अशी: मधल्या चौकातून हवा घेतली जाते, कारण रस्त्यापेक्षा तिथे धूर-धूळ कमी. गाळणीतून ती प्रत्येक इमारतीच्या कण्यातल्या उभ्या वाहिन्यांत जाते, तिथून फरशीखालच्या पोकळीत, दातांमधून, आणि खिडकीखालच्या जाळीतून खोलीत येते. खोलीत तापून ती वर कमानदार छताकडे जाते, तिथल्या झरोक्यांतून वेगळ्या वाहिन्यांत शिरते आणि गच्चीवरच्या विटांच्या ४८ धुराड्यांतून बाहेर पडते. थंडीतल्या सकाळसाठी जाळीजवळ विजेचे छोटे हीटर आहेत. दिव्यांचा प्रकाश छतावर टाकलेला असल्याने त्यांची बरीचशी उष्णता माणसांपर्यंत न येता वरच काँक्रीटमध्ये किंवा बाहेर जाणाऱ्या हवेत मिसळते. ३० वॅटचा भार आणि २२ वॅटची ताकद यांतला फरक भरून निघतो तो अशा तुकड्यातुकड्यांनी.

निर्णय तिसरा: ऊन आत येऊच द्यायचे नाही

अरुपच्या संगणकी आराखड्यांतून कडक अटी निघाल्या. बाहेरच्या भिंतींवर थेट ऊन पडता कामा नये, काचेचे प्रमाण दर्शनी भागाच्या २५ टक्क्यांपुढे जाता कामा नये, खिडक्या बंदच राहणार. त्यामुळे खिडक्यांवर खोल छज्जे आले आणि भिंतींवर खरबरीत, पुढे आलेले काँक्रीटचे तुकडे. यामागे निवडुंगाची कल्पना होती: खाचाखोचा असल्या की दिवसा स्वतःचीच सावली पडते आणि रात्री उष्णता फेकायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

हा निर्णय वास्तुरचनाकाराला सर्वांत जड जाणारा असतो, कारण इमारतीचा चेहराच त्याने ठरतो. पण तो उशिरा घेता येत नाही. काच वाढवून नंतर पंखे मोठे करू, ही तडजोड इथे चालत नाही. २२ वॅटच्या खात्यात उन्हाला जागाच नाही.

परिणाम

एसीची यंत्रणा न घेतल्याने सुमारे ३५ लाख डॉलर वाचले. बांधकामाच्या एकूण खर्चाच्या ते साधारण दहा टक्के होते. भाडी आसपासच्या इमारतींपेक्षा २० टक्क्यांनी कमी ठेवता आली. पूर्ण एसी असलेल्या हरारेतल्या सहा इमारतींच्या सरासरीशी तुलना केली तेव्हा ईस्टगेटचा एकूण वीजवापर ३५ टक्क्यांनी कमी भरला.

मग नव्वद टक्के कुठून आले? तो आकडा हवा खेळती ठेवण्याच्या आणि थंड करण्याच्या विजेपुरता सांगितला जातो आणि पुढच्या तोंडी तो अख्ख्या इमारतीला चिकटतो. लिफ्ट, दिवे आणि संगणक दोन्हीकडे सारखेच चालतात, त्यामुळे एकूण वापरात नव्वद टक्के बचत होणे हिशेबातच बसत नाही. ३५ टक्के हा आकडा कमी आकर्षक, पण तुलना कशाशी ते सांगणारा. अहवालात घ्यायचा तर हाच घ्यावा.

वारुळाची गोष्ट कुठे बिघडली

ईस्टगेटच्या वेळी प्रचलित असलेली समजूत स्विस कीटकशास्त्रज्ञ मार्टिन ल्युशर यांच्या १९६१ च्या मांडणीतून आलेली होती. वाळवी आणि तिने पाळलेली बुरशी यांच्या उष्णतेने हवा वर चढते, वारुळाच्या भिंतींलगत थंड होऊन खाली येते आणि या चक्राने घरट्याचे तापमान स्थिर राहते, असे ते चित्र. (ही बुरशी टर्मिटोमायसिस गटातली. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, चढ्या भावाने विकली जाणारी अळंबी याच गटातली.)

पुढे जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि अभियंता रुपर्ट सोअर यांनी नामिबियात मॅक्रोटर्मिस मायकेलसेनी या जातीच्या वारुळांवर काम केले आणि २००८ मध्ये या समजुतीची ईस्टगेटच्या संदर्भात थेट उलटतपासणी मांडली. घरट्याचे तापमान वर्षभर स्थिर नव्हतेच. ते भोवतालच्या जमिनीबरोबर चालत होते: हिवाळ्यात सुमारे १४ अंश, उन्हाळ्यात ३१ च्या वर. एका दिवसापुरते ते स्थिर दिसते ते हवा खेळल्यामुळे नव्हे, तर घरटे मातीत खोल असल्यामुळे. वारुळाचा उंच भाग फुप्फुसाचे काम करतो. वाऱ्याच्या बदलत्या झोतांनी आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि प्राणवायू आत येतो. थंड करणे हे त्याचे कामच नाही.

म्हणजे वारुळात हवा श्वासासाठी फिरते आणि थंडावा वस्तुमानातून येतो. ईस्टगेटच्या मुळाशी असलेल्या कल्पनेत ही दोन कामे एकत्र झाली होती. मग इमारत चालली कशी? कारण अभियंत्यांनी वारुळावर विश्वास ठेवून आकडे भरले नव्हते. काँक्रीटचे वजन, हवेचा प्रवाह, उन्हाचा भार हे सगळे स्वतंत्रपणे मोजले होते. वारुळाने त्यांना प्रश्न बदलायला लावला: ‘थंड हवा कशी बनवायची’ ऐवजी ‘रात्रीचा थंडावा दुपारपर्यंत कसा टिकवायचा’. उत्तर मात्र भौतिकशास्त्रातून आले.

या कथेला आपल्याकडचे एक शेपूटही आहे. २०१५ मध्ये हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन या संशोधकांनी बंगळूरमध्ये ओडोंटोटर्मिस ओबेसस या जातीची वारुळे तपासली. नागपंचमीला आपण ज्याच्यापुढे हात जोडतो ते शेतातले वारूळ बहुधा याच जातीचे. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या कडा लवकर तापतात, तिथे हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री कडा आधी निवतात आणि प्रवाह उलटतो. कार्बन डायऑक्साइड रात्री झपाट्याने उतरतो. म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकावर श्वास घेणारे वारूळ खरोखर आहे. फक्त ते वेगळ्या जातीचे, आणि तेही श्वासासाठीच.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, जीवशास्त्रज्ञ टेबलावर बसवायला हवा होता. टर्नर-सोअर यांचे काम तेव्हा झालेले नव्हते, पण ‘हे तापमान वर्षभर कोणी मोजले आहे का’ हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. निसर्गातील रचना उचलताना ती कोणत्या कामासाठी आहे हे नोंदवहीत वेगळ्या ओळीत लिहावे आणि त्यापुढे मोजमापाचा पुरावा लिहावा. पुराव्याची जागा रिकामी राहिली तर ती कल्पना प्रेरणा म्हणून ठेवावी, आकडे भरायला वापरू नये.

दुसरी, रात्रीच्या विजेची हमी. एसीच्या इमारतीत वीज गेली तर त्या तासाला उकडते. इथे रात्री पंखे बंद पडले तर दुसऱ्या दिवशी दुपारी उकडते, आणि तेव्हा कारण शोधणाऱ्याला रात्रीची नोंद पाहायचे सुचत नाही. पंख्यांच्या चालू तासांची आणि स्लॅबच्या पहाटेच्या तापमानाची नोंद रोज दिसेल अशी ठेवावी. जनित्राचा भार ठरवताना रात्रीचे पंखे आधी धरावेत.

तिसरी, देखभाल. अशा कुठल्याही इमारतीत फरशीखालची पोकळी ही धुळीची आणि उंदरांची आवडती जागा. गाळणी तुंबली की प्रवाह गुपचूप घटतो, पंखा मात्र फिरताना दिसतो. म्हणून गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाबाचा फरक मोजणारे साधे मापक लावावे. मजल्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांत आगीच्या वेळी आपोआप बंद होणारे पडदे लागतात, आणि त्यांची चाचणी घ्यायला हात पोहोचेल अशी झडप आधीच ठेवावी लागते.

चौथी, भाडेकरूशी करार. दर चौरस मीटरला किती वॅटची उपकरणे ठेवता येतील हे करारात लिहिले नाही, तर एखादी सर्व्हरची खोली बाकी मजल्याचा थंडावा खाऊन टाकते.

पिअर्स यांनी पुढे मेलबर्नच्या नगर प्रशासनासाठी काउन्सिल हाउस २ या दहा मजली इमारतीवर काम केले. ती २००६ मध्ये सुरू झाली. तिथेही काँक्रीटची नागमोडी छते आहेत आणि रात्री आपोआप उघडणाऱ्या खिडक्या आहेत. पण सोबत गार पाणी खेळवणारी छताची पॅनेल आहेत आणि वितळता-गोठताना थंडावा साठवणाऱ्या पदार्थाच्या टाक्याही. मेलबर्नमध्ये उष्णतेच्या लाटेत रात्रही निवत नाही, तेव्हा एकट्या रात्रीच्या हवेवर विसंबता येत नाही.

हीच रचना आपल्याकडे आणली तर

पुण्यात एप्रिलमध्ये रात्र २० ते २१ अंशांपर्यंत उतरते, म्हणजे स्लॅब निववायला पुरेशी. पण दुपारी बाहेर ३८ अंश. आत २७ ठेवायचे तर तासाला दोनच वेळा हवा बदलली तरी ती हवा दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट घेऊन येते. स्लॅबच्या २२ वॅटपैकी जवळपास सगळे गेले. माणसे आणि संगणक अजून मोजलेच नाहीत. म्हणून पुण्यात ईस्टगेटची हुबेहूब नक्कल नापास होते. कोरड्या एप्रिलमध्ये आत येणारी हवा आधी ओल्या जाळीतून नेली, कूलरसारखी, तर हा भार बराच उतरतो आणि हिशेब पुन्हा जमू लागतो. नागपुरात मे महिन्यात रात्रच २८ अंशांच्या आसपास थांबते, तिथे स्लॅब निवणार कशाने?

मुंबईत अडचण वेगळी. रात्र २७ अंशांची आणि हवा दमट. चिलरने, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राने, स्लॅब थंड ठेवून त्यावरून अशी हवा सोडली, तर पोकळीत दव धरते आणि बुरशी लागते, तीही अळंबीसारखी खाण्याजोगी नव्हे. पुण्यातही जुलै-ऑगस्टच्या रात्री दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते ते तापमान, २१-२२ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे रात्रीचे पंखे घड्याळावर चालवू नयेत. बाहेरच्या हवेचा दवबिंदू स्लॅबच्या तापमानापेक्षा किमान दोन अंश खाली असेल तरच ते सुरू व्हावेत. त्यासाठी गच्चीवर आर्द्रतेचा एक संवेदक आणि स्लॅबमध्ये पुरलेले तापमापक पुरतात, फक्त ते काँक्रीट ओतण्याआधी बसवावे लागतात.